क्वॉलट्रोचा निरोप : लिव्हरपूलच्या वॉलेस खून खटल्याचा प्रकरण अभ्यास

खुनाच्या गोष्टीत बुद्धिबळपटू आला की वाचक लगेच कान टवकारतो. हा माणूस दहा चाली पुढचं बघणार, सगळं आधीच आखून ठेवणार, चेहऱ्यावर काही दिसू देणार नाही, असं आपण धरूनच चालतो. १९३१ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम वॉलेस या बुद्धिबळ खेळणाऱ्या विमा एजंटवर पत्नी ज्युलियाच्या खुनाबद्दल चाललेल्या खटल्याभोवती हीच समजूत इतकी घट्ट बसली, की आजही त्याचं वर्णन ‘बुद्धिबळाच्या डावासारखा खून’ असंच केलं जातं. प्रकरण बारकाईने तपासलं तर वेगळंच दिसतं. पटावरच्या खेळाचा या खुनाशी काडीचाही संबंध लागत नाही. संबंध आहे तो क्लबच्या भिंतीवर लावलेल्या सामन्यांच्या तक्त्याशी, कॅफेतल्या टेलिफोनशी आणि काही मोजक्या मिनिटांशी.

विल्यम हर्बर्ट वॉलेस तेव्हा ५२ वर्षांचा होता. प्रुडेन्शियल विमा कंपनीसाठी घरोघर फिरून हप्ते गोळा करायचे, ही त्याची नोकरी. तरुणपणी तो कोलकात्यात आणि पुढे शांघायमध्ये कामाला होता, पण मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्याला मायदेशी परतावं लागलं. १९१४ मध्ये ज्युलियाशी लग्न झालं, १९१५ पासून दोघं लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड भागात, २९ वुल्व्हर्टन स्ट्रीटवर राहत होती. मूलबाळ नव्हतं. ती पियानो वाजवायची, तो व्हायोलिन. रोमन सम्राट आणि तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलियसचं ‘चिंतन’ हे त्याचं आवडतं वाचन होतं, आणि भावना चारचौघांत दाखवायच्या नाहीत हा त्याचा स्वभाव. हाच स्वभाव पुढे त्याला नडला.

बुद्धिबळात तो साधारणच होता. सेंट्रल चेस क्लबच्या दुसऱ्या वर्गाच्या स्पर्धेत तो खेळायचा. वर्तमानपत्रांनी आणि नंतरच्या लेखकांनी रंगवलेला थंड डोक्याचा महारथी प्रत्यक्षात कधी नव्हताच.

तक्ता आणि टेलिफोन

क्लब भरायचा नॉर्थ जॉन स्ट्रीटवरच्या सिटी कॅफेमध्ये. कोणत्या सोमवारी कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता कॅफेतच लावलेला असे. चहा प्यायला आलेल्या कुणालाही तो वाचता येई. १९ जानेवारी १९३१ च्या सोमवारी वॉलेसचा सामना होता. मात्र वॉलेस प्रत्येक खेपेला येतच असे असं नाही, म्हणजे तक्ता वाचणाऱ्याला अंदाज बांधता आला असता, खात्री नाही.

त्या संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास कॅफेचा फोन वाजला. वेट्रेसने तो घेतला आणि क्लबचे कप्तान सॅम्युएल बीटी यांना बोलावलं. पलीकडच्याने नाव सांगितलं आर. एम. क्वॉलट्रो. वॉलेस आहे का, विचारलं. अजून आला नाही, थोड्या वेळाने पुन्हा फोन करा, असं बीटींनी सुचवल्यावर तो म्हणाला, जमणार नाही, मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाची गडबड आहे. वॉलेसच्या धंद्याचंच काम आहे, उद्या संध्याकाळी साडेसातला त्याला २५ मेनलव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर पाठवा. बीटींनी निरोप लिहून घेतला.

हा फोन कुठून आला हे पोलिसांना कळलं ते निव्वळ एका बिघाडामुळे. त्या काळच्या सार्वजनिक फोनवर ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणं असायची. ऑपरेटरला नंबर सांगायचा, दोन पेनी टाकायच्या, पलीकडचा बोलला की ‘ए’ दाबायचं. मग नाणी पेटीत पडायची आणि आपला आवाज पलीकडे जायचा. फोन लागला नाही तर ‘बी’ दाबून पैसे परत घ्यायचे. या माणसाने ऑपरेटरकडे तक्रार केली, की ‘ए’ दाबलं तरी बोलणं होत नाही. दुसऱ्या ऑपरेटरने फोन जोडून दिला आणि पर्यवेक्षिकेने नोंद करून ठेवली : वेळ ७.२०, बूथ अ‍ॅनफिल्ड १६२७. तक्रार नसती तर स्थानिक फोनची कुठलीच नोंद राहिली नसती. काही अभ्यासकांच्या मते त्याने मुद्दाम ‘बी’ दाबून दोन पेनी वाचवायचा प्रयत्न केला. तसं असेल तर फोन करणारा फार विचारी कारस्थानी नव्हे, भुरट्या सवयीचा माणूस ठरतो, आणि सगळ्या प्रकरणाचा रंगच पालटतो.

बूथ वॉलेसच्या घरापासून चारशे यार्डांवर होता, म्हणजे साधारण ३६५ मीटर. सव्वासातला घरातून निघालो, असं वॉलेसचं म्हणणं. क्लबमध्ये तो पावणेआठच्या सुमारास पोचला, आणि बूथपासून ट्रामने तिथे यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे फोन त्याने स्वतः केला असणं शक्य होतं. त्याच्या घरावर नजर ठेवून, तो बाहेर पडताच दुसऱ्या कुणी केला असणंही तितकंच शक्य होतं. हा आवाज वॉलेसचा असू शकेल का, असं बीटींना न्यायालयात विचारलं. वॉलेसला ते वर्षानुवर्षं ओळखत होते. तसं म्हणायचं तर कल्पना फारच ताणावी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

क्लबमध्ये ठरलेला प्रतिस्पर्धी आलाच नव्हता, म्हणून वॉलेस दुसऱ्या एका सभासदाशी खेळायला बसला होता. बीटींनी पटाशी जाऊन निरोप दिला. क्वॉलट्रो नावाचं कुणी ओळखीचं नाही, असं तो म्हणाला. तो डाव त्याने जिंकला, आणि परतताना क्लबमधल्या सोबत्याशी त्या पत्त्यावर कसं जावं याची चर्चा केली.

मंगळवारची मिनिटं

मंगळवार, २० जानेवारी. वॉलेस सहा वाजून पाच मिनिटांनी घरी आला. खटल्याचं सगळं ओझं त्यानंतरच्या तासाभरावर आहे.

या तासाचं एक टोक पक्कं आहे. स्मिथडाउन रोड आणि लॉज लेनच्या नाक्यावर ७.०६ ला वॉलेस ट्राममध्ये चढला. कंडक्टरला तो चांगला आठवत होता, कारण मेनलव्ह गार्डन्स ईस्टला कसं जायचं हे त्याने पुन्हा पुन्हा विचारलं होतं. पोलिसांनी घरापासून त्या नाक्यापर्यंत चालत आणि ट्रामने जाऊन चाचण्या घेतल्या. सतरा ते वीस मिनिटं लागली. म्हणजे घर सोडण्याची शेवटची वेळ ६.४९.

दुसरं टोक मात्र हातात येत नाही. ज्युलियाला जिवंत पाहणारा शेवटचा साक्षीदार म्हणजे दूध टाकणारा चौदा वर्षांचा मुलगा. तिने स्वतः दार उघडून दूध घेतलं. खुनाच्या दुसऱ्या दिवशी तो सवंगड्यांना म्हणाला, पावणेसात वाजले होते. पोलिसांनी त्याच्यासोबत दुधाची फेरी घड्याळ लावून पुन्हा चालून पाहिली, तेव्हा वेळ ६.३१ च्या आसपास निघाली. पेपर टाकणाऱ्या दुसऱ्या मुलाने त्याला दारात ६.३७-६.३८ ला पाहिल्याचं सांगितलं.

हिशेब मांडून पाहा. दूध ६.३१ ला आलं असेल तर वॉलेसच्या हाताशी अठरा मिनिटं. ६.३८ ला आलं असेल तर अकरा. पावणेसातला आलं असेल तर चार. एवढ्यात खून करायचा, रक्त धुवायचं, कपडे घालायचे, हत्यार घेऊन निघायचं आणि चोरीचा देखावाही उभा करायचा. अठरा मिनिटांत हे अवघड आहे, चार मिनिटांत अशक्य. एका मुलाच्या आठवणीवर माणसाचं जगणं-मरणं लटकलेलं असताना ती आठवण पहिल्याच दिवशी लेखी घ्यायला हवी होती. तपासातली ही सगळ्यात मोठी त्रुटी आहे.

मेनलव्ह गार्डन्समध्ये नॉर्थ, साउथ आणि वेस्ट असे तीन रस्ते आहेत, ईस्ट नाही. वॉलेसने २५ मेनलव्ह गार्डन्स वेस्टचं दार ठोठावलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, पावणेआठच्या सुमारास गस्तीवरच्या कॉन्स्टेबलला गाठलं, पुढे पेपरच्या दुकानात जाऊन पत्त्यांची निर्देशिका चाळली. फिर्यादी पक्षाने याचाच मुद्दा केला : हा माणूस पत्ता शोधत नव्हता, साक्षीदार गोळा करत होता. त्याचा वरिष्ठ त्याच भागात राहायचा आणि त्याच्या घरी वॉलेस पूर्वी व्हायोलिन शिकायला जात असे, तेव्हा हा भाग त्याला नवखा नव्हता, हेही त्यांनी दाखवलं. मुद्दा वजनदार आहे. पण मोठं कमिशन मिळण्याच्या आशेने निघालेला विमा एजंट पत्ता सापडेना तर असंच दहा जणांना विचारेल.

घरात काय दिसलं

पावणेनऊला वॉलेस परतला. शेजारचं जोडपं मागच्या बोळात भेटलं. पुढचं-मागचं कुठलंच दार उघडत नाही, असं तो म्हणाला. त्यांच्यादेखत पुन्हा प्रयत्न केल्यावर मागचं दार उघडलं. दोन्ही कुलपं सदोष असल्याचं पुढे कुलूपवाल्याने सांगितलं.

ज्युलिया दर्शनी खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ पडली होती. डोक्यावर सुमारे अकरा घाव. भिंतींवर रक्ताचे शिंतोडे उंच उडालेले. तिच्या खाली वॉलेसचा मॅकिन्टॉश रेनकोट गुंडाळी होऊन पडलेला, रक्ताने भिजलेला, एका बाजूने जळालेला. स्वयंपाकघरातल्या पैशांच्या पेटीतून साधारण चार पौंड गेले होते, पण पेटी सात फुटांवरच्या फळीवर जागच्या जागी परत ठेवलेली होती. घरात काम करणाऱ्या बाईने सांगितलं, की एक पोकर (शेगडीतले निखारे ढोसायची सळई) आणि दर्शनी खोलीतली लोखंडी कांब दिसत नाही. हत्यार कधीच सापडलं नाही.

वॉलेसच्या अंगावर, कपड्यांवर, बुटांवर रक्ताचा डाग नव्हता. मोऱ्या आणि न्हाणीघर रक्ताचा अंश दाखवणाऱ्या बेंझिडीनच्या चाचणीने तपासलं, तिथे रक्त धुतल्याचा मागमूस नाही. टॉवेल कोरडे. वरच्या संडासाच्या भांड्यावर रक्ताची एक बारीकशी गुठळी मिळाली, पण तोवर तिथून बरेच पोलिस ये-जा करून गेले होते. बुटाला किंवा बाहीला लागून ती वर गेली नसेल असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

मग रक्त गेलं कुठे? फिर्यादी पक्षाने उत्तर दिलं : वॉलेसने विवस्त्र अंगावर रेनकोट चढवला, खून केला आणि कोट जाळायला पाहिला. ऐकायला हे पटतं, पण रेनकोटमधून चेहरा, केस, हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडेच राहतात. ते धुवायचे म्हणजे पाणी आलं, ओला टॉवेल आला, मोरीत रक्त आलं. यातलं काहीच मिळालं नाही. सोपा खुलासा असा, की ज्युलियाला सर्दी होती, तिने दार उघडायला किंवा थंड खोलीत बसायला कोट खांद्यावर घेतला, आणि पडताना तो शेगडीला लागला.

मृत्यूच्या वेळेचा घोळ त्याहून मोठा. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक मॅकफॉल रात्री दहाच्या आत पोचले. त्यांनी शरीराचा ताठरपणा पाहून वेळ काढली, शरीराचं तापमान घेतलंच नाही. त्यांच्या अंदाजाने मृत्यू सहाच्या सुमारास झाला होता. म्हणजे दूध घेतलं त्याच्या अर्धा तास आधी! शरीर ताठरण्याचा वेग खोलीतली ऊब, स्नायूंची ताकद, वय, मृत्यूपूर्वीची धडपड यांवर अवलंबून असतो. अशक्त शरीर लवकर ताठरतं. ज्युलिया मुळात नाजूक प्रकृतीची. शिवाय जुन्या जन्मनोंदींवरून बऱ्याच वर्षांनी कळलं, की ती १८६१ सालची, म्हणजे सगळे समजत होते त्यापेक्षा कितीतरी वयस्क होती. दर अर्ध्या तासाने तापमान घेऊन नोंद ठेवली असती तर निदान ‘सातच्या आधी की आठच्या जवळ’ यावर बोलता आलं असतं.

खटला आणि अपील

२ फेब्रुवारीला वॉलेसला अटक झाली. २२ ते २५ एप्रिल १९३१ या काळात सेंट जॉर्जेस हॉलमध्ये न्यायमूर्ती राइट यांच्यापुढे खटला चालला. फिर्यादीकडून एडवर्ड हेमर्डी, बचावाला रोलंड ऑलिव्हर. हेतू दाखवता आला नाही. ज्युलियाचा विमा होता २० पौंडांचा, बचत ९० पौंडांची. बाई किंवा कर्ज असं काही निघालं नाही. तरीही अटकेआधीची एक गोष्ट त्याच्यावर उलटली. खुनानंतर दोनच दिवसांनी बीटी भेटले, तेव्हा वॉलेसने फोनची नेमकी वेळ खोदून खोदून विचारली. निर्दोष माणसाला एवढी चौकशी कशाला, असा फिर्यादीचा सूर होता. खरं तर संशय आपल्यावर आहे हे कळलेल्या माणसाला त्याच एका वेळेने तारलं असतं.

साक्षीच्या पिंजऱ्यात तो शांत उभा राहिला. न्यायमूर्तींचा समारोप सुटकेकडे झुकणारा होता. ज्युरीने तासाभरात दोषी ठरवलं आणि फाशीची शिक्षा झाली.

निकालानंतर लोकमत हललं. अपिलापूर्वी लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये त्यासाठी खास प्रार्थना झाली. १८ आणि १९ मे रोजी लॉर्ड ह्यूअर्ट, ब्रॅन्सन आणि हॉक यांच्या पीठाने अपील ऐकलं आणि शिक्षा रद्द केली. कारण तांत्रिक नव्हतं, न्यायमूर्तींची चूकही दाखवलेली नव्हती. समोर असलेल्या पुराव्यावर हा निकाल टिकूच शकत नाही, एवढंच. फौजदारी अपिलांच्या १९०७ च्या कायद्यानंतर या एकाच कारणावर खुनाची शिक्षा रद्द होण्याची ही पहिली वेळ.

आपल्याकडचा वाचक इथे लगेच शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या प्रकरणाशी येऊन थांबतो. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ घालून दिलं : प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, ती फक्त दोषाशीच जुळावी, तिचा कल निर्णायक असावा, निर्दोषपणाची प्रत्येक शक्यता तिने खोडावी, आणि साखळीत कुठेही तुटलेला दुवा नसावा. वॉलेसचं प्रकरण या कसोट्यांवर घासून पाहण्यासारखं आहे. पहिल्याच कसोटीला मृत्यूची वेळ गळते. फोन करणारा दुसरा कुणी असण्याची शक्यता खोडली जात नाही, म्हणून चौथी पडते. हत्यार, रक्त आणि हेतू हे तीन दुवेच नाहीत, म्हणून पाचवीही.

दुसरा कुणी कोण असू शकेल, हेही वॉलेसने पोलिसांना सांगितलं होतं. पूर्वी त्याच्यासोबत काम केलेला, पैशांच्या पेटीची जागा माहीत असलेला, हप्त्यांच्या हिशेबात गडबड केलेला एक तरुण. सोमवारच्या फोनच्या वेळी आपण कुठे होतो हे त्याने सांगितलं ते टिकत नाही. मंगळवारी संध्याकाळी मात्र तो दुसरीकडे असल्याची साक्ष होती. त्याच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही, म्हणून नाव इथे देत नाही. माझ्या मते फोन करणारा आणि मारेकरी ही दोन वेगळी माणसं असू शकतात, हा विचार तेव्हाच्या तपासाने गंभीरपणे केलाच नाही. वॉलेस नोकरीवर परतला, पण कुजबुज थांबेना. घर सोडून तो नदीपलीकडे राहायला गेला आणि २६ फेब्रुवारी १९३३ ला मूत्रपिंडाच्या दुखण्याने वारला.

हीच रचना आजच्या स्पर्धेत

बुद्धिबळपटूला मध्ये ठेवून रहस्यकथा लिहिणाऱ्याने वॉलेसकडून घ्यायचं ते वेळेचं गणित. भिंतीवरचा तक्ता आज इंटरनेटवर असतो. उद्या कोण, कुठल्या पटावर, किती वाजता बसणार हे आदल्या रात्री जगजाहीर होतं.

खेळाडूच्या हालचालींचे नियम नीट वापरावेत. स्वतःची चाल असताना खेळाडूला पंचांच्या परवानगीशिवाय खेळाच्या जागेतून उठून जाता येत नाही. प्रतिस्पर्ध्याची चाल असताना तो उठू शकतो, पण स्पर्धेच्या आवाराबाहेर जायला परवानगी लागतेच. प्रतिस्पर्धी एका चालीवर पंचवीस मिनिटं विचार करत बसला, तर तेवढा वेळ आपला खेळाडू कुठे होता, याला पटावर पुरावा नाही. फोन जवळ बाळगता येत नाही, म्हणून मोबाइलच्या टॉवरवरूनही तो सापडत नाही.

आता घड्याळ. डावाच्या फाइलमध्ये प्रत्येक चालीपुढे उरलेला वेळ असतो, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ नसते. ती काढावी लागते. समजा, प्रत्येकाला ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव. तीस चालींनंतर पांढऱ्याकडे ४० मिनिटं उरली, तर त्याने वापरली ९० अधिक १५ वजा ४०, म्हणजे ६५. काळ्याकडे ५० उरली, तर ५५. बेरीज १२० मिनिटं. डाव तीनला सुरू झाला असेल तर पाच वाजले. लेखक आणि तपास अधिकारी दोघंही फसतात ते दोन ठिकाणी. एखाद्या वादासाठी पंचांनी घड्याळं थांबवली, तर तो वेळ फाइलमध्ये कुठेच येत नाही, तो पंचांना विचारावा लागतो. दुसरं, फसवणूक टाळण्यासाठी पुष्कळ मोठ्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपण मुद्दाम उशिराने, बहुधा पंधरा मिनिटांनी दाखवतात. घरी बसून पाहणारा साक्षीदार शपथेवर सांगेल, की ५.१० ला त्याने अमुक चाल खेळताना पाहिलं. ती चाल खेळली गेली होती ४.५५ ला, आणि मधली पंधरा मिनिटं अजून कुणाच्याच हिशेबात आलेली नाहीत.